टिपणीस सर आणि आपसात बोलणारी दुकानं

हेमंत टिपणीस या गृहस्थाचा मला तिटकारा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी त्याच्यात काहीतरी चांगलं शोधून काढणार आहे असा कुणाचा समज व्हायला नको. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो. ऑफिसची तशी पद्धतच होती. इथे मला पगार नाही, तेव्हा एकेरीतच लिहिते.

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, त्यातल्या एकीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. टिपणीस प्रोजेक्टचा प्रमुख, महेश सुर्वे प्रोग्राम लिहिणारा, पल्लवी ग्राहकांशी बोलणारी, आणि मी लिहिलेलं तपासणारी. टिपणीस दादरचा. अंगाने भरलेला, दाढी कायम घोटलेली, एसीत बसायचं म्हणून बिनबाह्यांचा स्वेटर, आणि खिशात बडीशेपेची डबी. ती डबी तो फक्त स्वतःसाठी उघडायचा. दुसऱ्याच्या डब्यात मात्र "चव बघतो" म्हणून चमचा घालायचा आणि चव कळेपर्यंत अर्धी भाजी संपलेली असायची.

त्याला केबिन होती, पण महत्त्वाचं काहीही तो केबिनमध्ये बोलत नसे. मागच्या जिन्याच्या वळणावर आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. तिथे तो एकेकाला न्यायचा. खांद्यावर हात, तोंडापुढे तळवा, आणि आवाज इतका खाली की ऐकणाऱ्याला वाकावं लागायचं. सुरुवात आईच्या तब्येतीने. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी त्याने वर्षभर मनापासून केली. गुडघा पल्लवीच्या आईचा होता. माझी आई ठणठणीत आहे, गिरगावातून चौपाटीला रोज चालत जाते. हे मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने दोनदा "काळजी घे त्यांची" म्हणून माझा खांदा थोपटला.

मग मुद्दा. "वरती तुझा विषय निघाला होता. मी होतो म्हणून थांबलं. पण हे आपल्यातच ठेव हं." काय निघालं होतं, कोणी काढलं होतं, याचा पत्ता नाही. आपण मात्र जागेवर परत यायचो ते उपकाराचं ओझं घेऊन, आणि शेजारी बसलेल्याकडे जरा संशयाने बघत. पुढल्या अर्ध्या तासात तो शेजारी बादल्यांपाशी. परत येताना तो आपल्याकडे तसाच बघायचा.

या माणसाला कुणाचं वाईट करायचं असायचं असंही नाही. इतकी मेहनत तो घेणार नाही. त्याला फक्त प्रत्येकाचा एकुलता एक आधार व्हायचं होतं, आणि त्यासाठी बाकीच्यांना एकमेकांपासून तोडणं हा त्याला सगळ्यात स्वस्त मार्ग सापडला होता.

एका वर्षी गणपतीत हे उघड झालं. महेशच्या गावी, कुडाळकडे, घरचा गणपती. पल्लवीच्या घरी गिरगावात गौरी. दोघांनी एकाच दिवसांची रजा मागितली. टिपणीसने महेशला बादल्यांपाशी नेऊन सांगितलं की पल्लवी हटूनच बसलीय, मी तुझ्या बाजूने बोललो, पण बाईमाणूस आहे, काय करणार. पल्लवीला सांगितलं की महेशने गाडीचं रिझर्व्हेशन करून ठेवलंय, अगदी रडायलाच आला, तू समजूतदार आहेस. दोघांनी समजूतदारपणे रजा सोडली. गौरी जेवायच्या दिवशी दोघंही ऑफिसात, तोंड फुगवून, एकमेकांकडे न बघता. दुपारी मी महेशला विचारलं, तू गेला नाहीस गावाला? तो म्हणाला, बाईंना रजा हवी होती ना. पल्लवी पलीकडून खुर्ची फिरवून उठलीच. दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला. त्या दिवशी ऑफिसात फक्त एक माणूस रजेवर होता, आणि तो दादरला घरी मोदक खात होता.

परत आल्यावर दोघांनी जाब विचारला. त्याने दोघांना वेगवेगळं नेऊन सांगितलं की गैरसमज दुसऱ्याचा झालाय.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. एका कंपनीची औषधांची दुकानं आहेत, गिरगावपासून शीवपर्यंत. एखाद्या औषधाची एखादी बॅच खराब निघाली की मुख्य ऑफिसातून सगळ्या दुकानांच्या कॉम्प्युटरना एकच निरोप जायला हवा: या नंबरची बॅच विकू नका. निरोप पोचला की दुकानाच्या बिलिंगमध्ये त्या बॅचला कुलूप लागतं. अट एवढीच की निरोप सगळ्यांना पोचला पाहिजे, आणि सगळ्यांना तोच पोचला पाहिजे. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मधेच लाइन जाते, कुठल्या दुकानातलं मशीन बंद असतं, कधी पाठवणारा सर्व्हरच अर्ध्यात मान टाकतो. मग निम्म्यांना एक कळलेलं असतं, निम्म्यांना दुसरं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला कळलं तेच सगळ्यांना कळलंय.

महेशने यावर केलेला उपाय असा होता. निरोप आला की दुकानाने लगेच कुलूप लावायचं नाही. आधी बाकीच्या दुकानांना सांगायचं, मला असं असं आलंय, तुम्हाला काय आलंय? बाकीचीही आपापलं सांगणार. पुरेशा दुकानांचं जुळलं की मगच कुलूप. कुणाला निरोपच आला नसेल तर त्याला या बोलण्यातून कळणार. आणि दोन दुकानांना दोन वेगळे नंबर आले असतील तर सगळीकडे लाल दिवा लागून बोंब होणार. सगळं काही सेकंदांचं काम. ही कल्पना काही त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती, आमच्या धंद्यात ती पुस्तकांतच शिकवतात. पण महेश म्हणायचा की शिकलो कॉलेजात, पटलं गौरी जेवल्या त्या दिवशी.

त्याने हे मीटिंगमध्ये फळ्यावर काढून दाखवलं तेव्हाचा टिपणीसचा चेहरा मी विसरणार नाही. बाण सर्व्हरकडून दुकानांकडे जात होते तोवर तो मान डोलावत होता. दुकानांकडून दुकानांकडे बाण जायला लागले तशी मान थांबली.

"दुकानांनी आपापसात बोलायचं कारण काय?" त्याने विचारलं.

महेश म्हणाला, "सर, सर्व्हर एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगू शकतो ना."

"सर्व्हर असं का करेल?"

महेशने पल्लवीकडे बघितलं, पल्लवीने खिडकीबाहेर. मी वहीत रेघोट्या ओढत बसले. टिपणीसने बडीशेप तोंडात टाकली आणि निकाल दिला, "वरून आलं की खाली ऐकायचं. खालच्यांनी एकमेकांना विचारत बसायचं ही सिस्टिम नाही, हा चव्हाटा झाला."

माणूस स्वतःच्या स्वभावासारखी यंत्रं मागतो हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पुढल्या आठवड्यात तो भाग काढून टाकला गेला. कसा, ते ओळखीचंच आहे. महेशला सांगितलं की ग्राहकाला ते फार हळू वाटतंय. पल्लवीला सांगितलं की महेशच म्हणतोय, गरज नाही. मला सांगितलं की तेवढं तपासायची तसदी घेऊ नको. शिवाय त्याने स्वतःच्या डोक्याने एक बटण घालून घेतलं. पाठवणं मधेच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून पाठवायला नको, थांबलं तिथून पुढे चालू. या बटणाचा त्याला कोण अभिमान. नवा माणूस ऑफिसात आला की आधी ते बटण दाखवायचा.

मग एकदा डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बॅच खराब निघाली. दुकानांच्या मुख्य ऑफिसात रेगेबाई सगळा कारभार बघत. टिपणीस त्या दिवशी मुद्दाम तिथे गेला होता, कारण खरा निरोप जाताना आपण हजर असलेलं बरं दिसतं. नंबर त्यानेच टाकला, बटणही त्यानेच दाबलं. गिरगावाकडून सुरुवात झाली. अर्धी दुकानं झाली असतील नसतील, रेगेबाईंनी शेजारून बघितलं की शेवटचा आकडा चुकलाय. टिपणीसने थांबवलं, हसून आकडा दुरुस्त केला, आणि आपलं लाडकं बटण दाबलं. थांबलं होतं तिथून पुढे चालू.

झालं असं की गिरगावापासून लालबागपर्यंतच्या दुकानांत चुकीच्या नंबरला कुलूप लागलं आणि दादरपासून शीवपर्यंत बरोबर नंबरला. पडद्यावर सगळी दुकानं हिरवीगार. तोच पडदा बघून टिपणीसने रेगेबाईंकडे चहा मागवला. गिरगावच्या बाजूला ते थेंब आणखी दोन दिवस विकले गेले. एका आजोबांचे डोळे लाल होऊन सुजले, ते बाटली घेऊन दुकानात परत आले, आणि तिथल्या फार्मासिस्ट मुलीच्या लक्षात आलं. आजोबांची नजर शाबूत राहिली ही त्यांची पुण्याई, आमची नव्हे. दुकानांना आपापसात बोलू दिलं असतं तर लालबागने दादरला विचारलं असतं आणि बाटली कुणाच्या हातात जायच्या आत लाल दिवा लागला असता.

रेगेबाई संतापल्या होत्या, त्यांना माणूस हवा होता. टिपणीसने त्यांना महेश दिला.

तो त्यांना काय म्हणाला हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. महेशला त्याने बादल्यांपाशी नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तू काही दिवस घरी बस, कोणाचा फोन घेऊ नको, मी सांभाळतो. महेश काळाचौकीला राहतो. वडील गिरणीतले, गिरण्या बंद झाल्यावर मिळेल ते करून मुलाला शिकवलेलं. आता त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस ऑफिसच्या विम्यावर चालू होतं. त्या विम्यात आईवडिलांचं नाव घालता येतं म्हणून तर महेश दुसरीकडची मोठी नोकरी नाकारून आमच्याकडे टिकून होता. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की काय, हे त्या घरात कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. टिपणीसलाही हे माहीत होतं. आयांच्या बाबतीत तो गोंधळ घालायचा, पण महेशच्या वडिलांची चौकशी तो न चुकता बरोबर करायचा.

महेश घरी बसला. मलाही टिपणीसने बोलावून सांगितलंच होतं की तुझ्या तपासणीच्या रिपोर्टमुळे महेश जातोय, तुझा दोष नाही, पण सध्या त्याला फोन करू नको, तो फार चिडलाय. मी त्या रिपोर्टमध्ये महेशबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. तरी मी सकाळभर तो पुन्हापुन्हा वाचला. बादल्यांपाशी जाऊन आलेल्या माणसाचं असंच होतं.

दुपारी कॅन्टीनमध्ये पल्लवी समोर येऊन बसली. डबा उघडता उघडता म्हणाली, "महेशने राजीनामा द्यायला नको होता ग."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

तिने सांगायच्या आधीच मला कळलं. मी तिला माझं सांगितलं. आम्ही दोघींनी डबे तसेच ठेवून महेशला फोन लावला. त्याने उचलला तो घाबरतच. त्याला सांगितलं होतं की रेगेबाई सर्व्हरवाल्या कंपनीवर चिडल्यात, तुझं नाव कुठेच नाही. आम्ही त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतो आणि तो तेच तेच सांगत होता. शेवटी तो म्हणाला, "बाबांना उद्या डायलिसिसला न्यायचंय. विमा चालू आहे ना तेवढं कोणीतरी बघा ना प्लीज." मग पल्लवी रडायला लागली आणि मी त्या माणसाला तोंडभर शिव्या घातल्या, कॅन्टीनमध्ये, मोठ्याने.

पल्लवीने नंतर जे केलं ते अगदी साधं होतं. ग्राहकांच्या मीटिंगा ठरवणं हे तिचंच काम. तिने एक मीटिंग ठरवली आणि एकच निरोप एकाच वेळी सगळ्यांना पाठवला: आमच्या मालकांना, रेगेबाईंना, टिपणीसला, मला आणि महेशला. टिपणीस धावत तिच्या टेबलाशी आला आणि बादल्यांकडे चल म्हणू लागला. ती उठली नाही.

मीटिंगमध्ये रेगेबाई आल्या, महेशला बघून थबकल्या. बसता बसता म्हणाल्या, "मला सांगितलं गेलंय की सुर्व्यांनी न तपासता कोड टाकला, म्हणून त्यांना काढलंय. मग हे इथे कसे?"

महेश म्हणाला, "मला सांगितलंय की तुमचा माझ्यावर राग नाहीये. घरी बस म्हणून सांगितलं."

पल्लवीने स्वतःला काय सांगितलं गेलं होतं ते सांगितलं. मी माझं सांगितलं. सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालक कमी बोलणारे. ते म्हणाले, "मला तर सांगितलंय की महेशला बाहेरून चांगली ऑफर आलीय. मी अभिनंदनाचा मेसेज टाकणार होतो."

टिपणीसने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाला, "थोडी कम्युनिकेशन गॅप झालेली दिसते."

मग रेगेबाईंनीच सांगितलं की तो आकडा कोणी टाकला आणि ते बटण कोणी दाबलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्यात चूक काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. महेशने फळ्यावर परत बाण काढले. या वेळी दुकानांकडून दुकानांकडे जाणारे बाण कोणी थांबवले नाहीत.

महेश राहिला, विमा राहिला. टिपणीस महिन्याभरात "स्वतःच्या इच्छेने" गेला. अशा माणसांना कोणी हाकलत नाही, त्यांच्यासाठी केक आणतात. केक कापून झाल्यावर त्याने आम्हाला एकेक करून बाजूला घेतलं आणि प्रत्येकाला सांगितलं की या ऑफिसात विश्वासाचा माणूस तूच होतास. आम्ही खाली चहा पिताना ते एकमेकांना सांगून पोट धरून हसलो. महेश हसला नाही. त्याचा राग हसण्यावारी जाण्यातला नव्हता, आणि मला ते बरोबरच वाटलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी महेशचे वडील गेले. डायलिसिस शेवटपर्यंत चालू होतं. मी काळाचौकीला भेटायला गेले तर त्यांच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसलेली, आणि घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर टिपणीस. महेश कोणालातरी पोचवायला खाली गेला होता. टिपणीस खुर्ची पुढे ओढून महेशच्या आईशी बोलत होता, तोंडापुढे तळवा धरून. काकी मान खाली घालून ऐकत होत्या. दिलेला चहा त्याने संपवला, हात जोडले, मला ओळखल्यासारखं केलं, आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि निघाला.

मी काकींच्या जवळ सरकून बसले. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो माका सांगून गेलो, तेवा महेशाची नोकरी मीच वाचवलंय. म्हणालो, महेशाक सांगू नका, आपल्यातच ठेवा."

माझं डोकंच फिरलं. मयताचं घर, बाई कपाळ पुसून बसलेली, आणि हा तिथे येऊन स्वतःची आरती ओवाळून गेला. मी म्हटलं, काकी, तो धडधडीत खोटं बोलतोय, त्यानेच महेशला घालवला होता.

काकींनी माझ्या हातावर हात ठेवला. "गो, माका ठावक नाय काय? महेशान तेवाच सगळा सांगल्यान. आणि ह्यांनी आख्ख्या चाळीत सांगल्यानी." मग म्हणाल्या, "शेवटाक शेवटाक हे कोणाशी बोलायचे नाय. पडान रवायचे, गोळी घेऊक नको म्हणायचे. पण ह्या टिपणीसाचा नाव काढला की गाळी घालूक उठान बसायचे. म्हणान मी रोज नाव काढीत होतंय. उठान बसले की गोळी दी होतंय."

आणि इतका वेळ कोरड्या असलेल्या काकी तिथे रडायला लागल्या. मी त्यांना धरून बसले.

जरा वेळाने मी पाणी आणायला गॅलरीत गेले. खाली चौकात टिपणीस टॅक्सीची वाट बघत होता. शेजारी बाकावर दोन म्हातारे बसले होते, महेशच्या वडिलांबरोबर गिरणीत असलेले. तो त्यांच्याकडे वळला, त्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून काहीतरी सांगायला लागला. म्हातारा ऐकत होता. दुसऱ्याने वर माझ्याकडे बघितलं, मग गॅलऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या बाकीच्यांकडे बघितलं. सगळे खालीच बघत होते. टिपणीसचं सांगून झालं तेव्हा ऐकणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचा हात आपल्या खांद्यावरून उचलला, त्याच्याच अंगाशी नेऊन सोडला, आणि टॅक्सी आल्याचं त्याला दाखवलं.